फौंड्रीत कंबर, खांदा आणि मनगट कशाने जाते: मूळ कारण शोधण्याची रीत

कारखान्याच्या नोंदवहीत पाठीच्या दुखण्याची नोंद बहुधा एका ओळीत आटोपलेली असते: ‘कास्टिंग (ओतीव नग) उचलताना कमरेत उसण भरली.’ शेजारच्या ‘कारण’ या रकान्यात ‘चुकीच्या पद्धतीने उचलले’ असे लिहिलेले असते आणि ‘उपाय’ या रकान्यात ‘कामगारास समज दिली’ असे. उसण कोणत्या क्षणी भरली, एवढे या नोंदीवरून कळते. त्या क्षणापूर्वी महिनोन्महिने त्या कमरेवर काय येत होते, ते मात्र कळत नाही. म्हणून दुसऱ्या माणसाचीही कंबर तशीच जाते आणि नोंदवहीत तीच ओळ पुन्हा लिहिली जाते.

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींत वाहने, ट्रॅक्टर, पंप आणि इंजिने यांचे भाग ओतणाऱ्या फौंड्री आहेत. अशा एखाद्या फौंड्रीत सुरक्षा अधिकारी, सुपरवायझर किंवा कामगार प्रतिनिधी म्हणून काम करणाऱ्या व्यक्तीला स्नायू आणि सांध्यांच्या दुखण्यांची कारणे स्वतः कशी शोधता येतील, हे येथे सांगितले आहे. त्यासाठी मोजपट्टी, वजनकाटा, घड्याळ, वही आणि दोन-तीन पाळ्यांचा निवांत वेळ पुरतो. पोलाद कारखाना, जहाजबांधणी किंवा फोर्जिंगच्या (तापवलेला धातू ठोकून घडवण्याच्या) कामालाही हीच रीत लागू पडते. फक्त खात्यांची नावे बदलतात.

आधी शरीरात काय घडते ते समजून घ्यावे

इटलीतील मोदेना येथे अध्यापन केलेल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. कामामुळे होणाऱ्या दुखण्यांची दोन मोठी कारणे त्याने त्यात मांडली होती: एक म्हणजे हाताळावे लागणारे घातक पदार्थ, आणि दुसरे म्हणजे जोरकस, अनियमित हालचाली व शरीराच्या अस्वाभाविक ठेवणी. सिलिकाच्या धुळीमुळे पहिल्या कारणाकडे फौंड्रीत थोडेफार लक्ष जाते. दुसऱ्याकडे तीनशे वर्षांनंतरही फारसे जात नाही, कारण ते डोळ्यांसमोर असूनही नेहमीचेच वाटते.

स्नायू बराच वेळ आवळलेला राहिला की त्यातील रक्तप्रवाह कमी होतो आणि तो थकून दुखू लागतो. विश्रांती मिळाली तर तो पूर्ववत होतो. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडराला मात्र रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे तिची झीज भरून निघायला पुष्कळ वेळ लागतो. आजची झीज भरून येण्याआधीच उद्याची पाळी सुरू होते. मणक्यांमधील चकतीचे दुखणे आणखी उशिरा कळते, कारण तिच्या आतल्या भागात वेदना कळवणाऱ्या नसा जवळजवळ नसतात. ती बरीच झिजल्यावर किंवा फुगून शेजारच्या नसेवर दाब आल्यावरच माणूस कंबर धरतो. म्हणून ‘काल काय उचलले?’ या प्रश्नापेक्षा ‘गेल्या वर्षभरात रोज काय करत होतात?’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा ठरतो.

पहिली पायरी: विचारणे

‘काही दुखते का?’ असे विचारले तर बहुतेक कामगार ‘नाही साहेब, चालतंय’ असेच उत्तर देतात. ठेकेदाराचा माणूस शेजारी उभा असेल तर हमखास देतात, कारण दुखते म्हणणाऱ्याला उद्या कामावर बोलावतील याची खात्री नसते. विचारपूस म्हणून एकांतात, नाव न लिहिता आणि कामगाराला कळणाऱ्या भाषेत करावी. उत्तरेकडून किंवा सीमेपलीकडून आलेले कामगार असतील, तर त्यांच्याशी हिंदीत किंवा कन्नडमध्ये बोलणारा माणूस बरोबर घ्यावा.

कागदावर माणसाची पाठमोरी आकृती काढून दुखणाऱ्या जागी खूण करायला सांगणे ही सर्वांत सोपी पद्धत आहे. उत्तर युरोपातील देशांच्या संशोधकांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेली प्रमाणित प्रश्नावली अशीच आहे. तिच्यात शरीराचे नऊ भाग असतात: मान, खांदे, कोपरे, मनगट व हात, पाठीचा वरचा भाग, कंबर, मांड्या व नितंब, गुडघे, घोटे व पाऊल. प्रत्येक भागाविषयी तीन गोष्टी विचारतात: गेल्या बारा महिन्यांत तो दुखला का, त्यामुळे नेहमीचे काम थांबले का, आणि गेल्या सात दिवसांत दुखला का. त्यांना रोजच्या जगण्यातील प्रश्नांची जोड द्यावी. सकाळी उठताना कंबर धरते का? लहान मुलाला उचलून घेता येते का? शर्टाची गुंडी लावताना बोटे साथ देतात का? रात्री मुंग्या येऊन हात झटकावा लागतो का? ‘दुखणे’ हा शब्द टाळणारा माणूसही या प्रश्नांची खरी उत्तरे देतो.

खुणा झालेले कागद खात्यानुसार वेगळे करावेत. मोल्डिंगच्या (साचे भरण्याच्या खात्याच्या) कागदांवर कमरेच्या व गुडघ्यांच्या खुणा दाटल्या असतील आणि फेटलिंगच्या (ओतलेल्या नगावरचा जादा धातू घासून काढण्याच्या खात्याच्या) कागदांवर मनगट व खांद्याच्या, तर कारण माणसांच्या प्रकृतीपेक्षा खात्याच्या कामात शोधावे लागेल. येथे एक फसगत होऊ शकते. ज्यांना सर्वाधिक दुखले ते काम सोडून गेलेले असतात, त्यामुळे एखादे अत्यंत जड खाते कागदावर अगदी निरोगी दिसू शकते. गेल्या दोन वर्षांत त्या खात्यातून किती जण गेले आणि कोणी हलके काम मागून घेतले, हे हजेरीपटावरून काढावे. पटावर नसलेल्या ठेक्याच्या कामगारांना वगळून केलेली पाहणी तर सुरूच करू नये. सर्वांत जड काम बहुधा त्यांच्याच वाट्याला आलेले असते.

दुसरी पायरी: पाहणे

१९७० च्या दशकात फिनलंडमधील ओव्हाको या पोलाद कंपनीत शरीराच्या ठेवणी नोंदवण्याची एक पद्धत तयार झाली. तिला ‘ओवास’ म्हणतात. अवजड उद्योगातूनच जन्मलेली असल्यामुळे ती फौंड्रीला सहज लागू पडते. पाहणाऱ्याने ठरावीक अंतराने, समजा दर तीस सेकंदांनी, कामगाराकडे पाहायचे आणि त्या क्षणी पाठ, हात, पाय कसे आहेत व हातात किती वजन आहे ते आकड्यात लिहायचे. पाठीसाठी चार आकडे आहेत: सरळ, वाकलेली, पिळलेली, आणि वाकून पिळलेली. हातांसाठी तीन: दोन्ही खांद्याच्या पातळीखाली, एक त्या पातळीत किंवा वर, दोन्ही त्या पातळीत किंवा वर. पायांसाठी सात, आणि वजनासाठी तीन: दहा किलोपर्यंत, दहा ते वीस, आणि वीसच्या वर.

पन्नास मिनिटांत शंभर नोंदी होतात. त्यांपैकी चाळीस नोंदींत पाठ वाकून पिळलेली असेल, तर त्या माणसाच्या कामाच्या वेळेपैकी दोनपंचमांश वेळ चकतीवर एका बाजूने दाब येत आहे, असे समजावे. हातात काहीही नसले तरी हे खरे असते, कारण वाकल्यावर डोके, हात आणि धड यांचे सगळे वजन कमरेच्या स्नायूंनाच पेलावे लागते. जमिनीवर साचा भरणारा मोल्डर दिवसभरात फार वजन उचलत नाही, तरीही त्याची कंबर जाते याचे कोडे येथे सुटते. त्याचे गुडघेही उकिडवे बसून झिजतात.

पाहणी एकाच पाळीत उरकू नये. पहिल्या दोन तासांत माणूस गुडघ्यात वाकून उचलतो. सहाव्या तासाला मांड्या थकल्यावर तोच माणूस कमरेतून वाकू लागतो. याला बेफिकिरी म्हणता येणार नाही. गुडघ्यात वाकून उचलताना प्रत्येक वेळी स्वतःच्या शरीराचेही वजन उचलावे लागते, म्हणून थकलेले शरीर कमी श्रमाचा मार्ग धरते. पोरिंगच्या (वितळलेला धातू साच्यात ओतण्याच्या) दिवशी आणि महिनाअखेरच्या मालाच्या घाईतही पाहणी करावी.

तिसरी पायरी: मोजणे

वजनाचा प्रश्न आला की ‘किती किलोपर्यंत चालते?’ असे विचारले जाते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम ३४ चे म्हणणे असे होते की, इजा होण्याचा संभव असेल इतके जड ओझे कोणालाही उचलायला, वाहायला किंवा हलवायला लावू नये. इजेचा संभव केवळ किलोवर ठरत नाही, हे पुढच्या उदाहरणावरून दिसेल.

अमेरिकेच्या ‘नायॉश’ या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेचे उचलण्यासंबंधीचे सुधारित सूत्र १९९० च्या दशकाच्या आरंभापासून वापरात आहे. सर्व काही अनुकूल असेल तर २३ किलो ही मर्यादा ते धरते. अनुकूल म्हणजे ओझे घोट्यांपासून पुढे २५ सें.मी. अंतरावर, हात जमिनीपासून ७५ सें.मी. उंचीवर, अंग न पिळता, पकड चांगली, आणि उचल क्वचित. यांतील जी गोष्ट बिघडेल तिच्यासाठी एकाहून लहान गुणक लावायचा आणि मर्यादा तेवढी खाली आणायची.

समजा, फेटलिंग खात्यात १८ किलोचे पंपाचे केसिंग लोखंडी पेटीतून काढून टेबलावर ठेवायचे आहे. पेटीच्या कडेमुळे कामगाराला पुढे झुकावे लागते आणि ओझे ५० सें.मी. लांब पडते: गुणक ०.५०. हात जमिनीपासून १५ सें.मी. वर आहेत: ०.८२. तेथून ९० सें.मी. उंच टेबलापर्यंत, म्हणजे ७५ सें.मी. वर न्यायचे: ०.८८. टेबल बाजूला असल्यामुळे ४५ अंश वळावे लागते: ०.८६. मिनिटाला एक नग, आठ तास: ०.७५. खडबडीत, धरायला जागा नसलेला नग: ०.९०. या सगळ्यांनी २३ ला गुणले की उत्तर सुमारे ४.८ किलो येते. प्रत्यक्ष ओझे १८ किलोचे आहे, म्हणजे मर्यादेच्या पावणेचार पट. विश्रांतीचा वेळ वगळून पाळीत साडेचारशे नग धरले तर त्या माणसाच्या हातून रोज आठ टनांहून अधिक लोखंड जाते.

आता गुणकांकडे पुन्हा पाहावे, कारण दुखण्याचे कारण त्यांतच लिहिलेले आहे. सर्वांत मोठी कपात ०.५० ची आहे, आणि ती पेटीच्या कडेमुळे झाली आहे. पेटीची पुढची बाजू उघडणारी केली आणि ओझे ३० सें.मी. वर आले, तर एवढ्या एकाच बदलाने मर्यादा ४.८ वरून ८ किलोवर जाते. पेटी स्टँडवर ठेवून हातांची उंची ७५ सें.मी. केली आणि टेबल समोर घेऊन वळणे थांबवले, तर ती १२.९ किलोवर जाते. नग तोच, माणूस तोच, उत्पादनही तेवढेच. पावणेचार पटींचे ओझे सुमारे १.४ पटींवर आले. जे अजून मर्यादेबाहेर उरते त्यासाठी होइस्ट (ओझे उचलण्याचे यंत्र) लागेल किंवा नगांची संख्या कमी करावी लागेल. पण ‘कामगाराने चुकीच्या पद्धतीने उचलले’ हे कारण या हिशेबात कोठेच येत नाही.

हे सूत्र दोन्ही हातांनी, न घसरणाऱ्या जमिनीवर आणि साधारण १९ ते २६ अंश तापमानात केलेल्या उचलीसाठी आहे. भट्टीजवळच्या उकाड्यात, वाळू सांडलेल्या फरशीवर सुरक्षित मर्यादा त्याहूनही कमी असणार, हे लक्षात ठेवून उत्तर वाचावे.

फेटलिंगचे हात

माझ्या मते फौंड्रीतील सर्वांत दुर्लक्षित दुखणे ग्राइंडर आणि चिपिंग हॅमर (हवेवर चालणारा छिन्नी-हातोडा) चालवणाऱ्यांच्या हातांचे आहे. तेथे चार कारणे एकाच वेळी काम करतात: कंप, घट्ट पकड, वाकलेले मनगट आणि न थांबणारी पुनरावृत्ती. कंपामुळे हाताची पकड नकळत आणखी घट्ट होते. पकड घट्ट झाली की कंप हातात अधिक शिरतो. जाड, मापात नसलेला हातमोजा घातला की तेवढ्याच पकडीसाठी अधिक जोर लावावा लागतो. चाक झिजून असमतोल झाले असेल तर कंप वाढतो. हवेवर चालणाऱ्या हत्याराची थंड हवा बोटांवर येत असेल तर तेथील रक्तप्रवाहही घटतो.

कंपाचा हिशेब करण्यासाठी हत्याराच्या माहितीपुस्तिकेतील आकडा घ्यावा, मात्र झिजलेल्या हत्यारावर प्रत्यक्ष कंप त्याहून अधिक असतो हे ध्यानात ठेवावे. मग हत्यार खरोखर चालू असलेला वेळ घड्याळ लावून मोजावा. विचारून मिळालेला वेळ बहुधा जास्त निघतो. समजा, आकडा ८ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. चालू वेळेला आठ तासांनी भागून त्याचे वर्गमूळ काढायचे आणि आकड्याला त्याने गुणायचे. दोन तासांसाठी उत्तर ४ येते, चार तासांसाठी ५.७. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार २.५ पासून उपाययोजना सुरू करावी लागते आणि ५ ही ओलांडू नये अशी मर्यादा आहे. दोन तासांवरच उपाय सुरू व्हायला हवेत, आणि चार तासांवर मर्यादा मोडलेली असते.

१९१८ साली डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतील इंडियाना राज्यात, बेडफर्ड येथे, हवेच्या हातोड्याने चुनखडी घडवणाऱ्या कामगारांची पांढरी पडणारी बोटे तपासली होती. हा पांढरेपणा थंडीत दिसतो. आपल्या उष्ण हवेत तो सहसा दिसत नाही, आणि म्हणून ‘आमच्याकडे हा आजार नाही’ असा समज होतो. नसांना होणारी इजा उकाड्यातही होतेच. मुंग्या, बधिरपणा आणि बारीक वस्तू हातातून निसटणे ही तिची लक्षणे आहेत. गुंडीचा प्रश्न त्यासाठीच विचारायचा.

यापुढे एक पाऊल मागे जाऊन पाहावे. फेटलरला एका नगावर चार मिनिटे ग्राइंडर का चालवावा लागतो? नगाच्या सांध्यावर जाड पापुद्रा, म्हणजे फ्लॅश, आलेला असतो. तो का येतो? मोल्ड बॉक्सच्या पिना आणि बुश झिजल्यामुळे वरचा व खालचा भाग नीट बसत नाही, किंवा पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, जुना झालेला असतो. फेटलरच्या मनगटाचे कारण अशा वेळी मोल्डिंग खात्यात सापडते, आणि त्यावरचा उपाय पिना बदलण्याचा असतो. शोध दुखणाऱ्या माणसाच्या टेबलापाशी थांबवला तर हे कधीच कळणार नाही.

ढकलणे, खोऱ्याने ओढणे, उभे राहणे

ढकलगाडीच्या बाबतीत गाडीवरच्या वजनापेक्षा चाक व फरशी अधिक महत्त्वाची असतात. बेअरिंगमध्ये वाळू गेली की गाडी सुरू करतानाचा जोर एकदम वाढतो आणि खांदा व कंबर एका झटक्यात ताणली जाते. खोऱ्याने वाळू बाजूला फेकताना कमरेला पीळ बसतो. दांडा आखूड असेल तर वाकणेही वाढते. काँक्रीटवर दिवसभर उभे राहिल्याने पोटऱ्या व टाचा दुखतात. फोर्कलिफ्टच्या चालकाची कंबर खडबडीत रस्त्यावरच्या हादऱ्यांनी जाते, म्हणून त्याला विचारायला विसरू नये.

हिशेबात न दिसणारी कारणे

नगावर मजुरी असेल तर माणूस विश्रांती घेत नाही. ओव्हरटाइमने पाळी बारा तासांची झाली तर कंडरांना भरून येण्याचा वेळ चार तासांनी कमी होतो आणि झीज चार तासांनी वाढते. होइस्ट आहे, पण तीन महिने बंद आहे; किंवा चालू आहे, पण इतका सावकाश की त्यावर ठरलेला आकडा पुराच होत नाही, म्हणून सगळे हातानेच उचलतात. एक जण रजेवर गेला की दोघांचा बॉक्स एकटाच उचलतो. ही कारणे विचारल्याशिवाय कळत नाहीत, आणि ती व्यवस्थापनाच्या हातातली असल्यामुळे नोंदवहीत सर्वांत कमी वेळा लिहिली जातात. ती नेमक्या शब्दांत लिहावीत: ‘होइस्ट अमुक तारखेपासून बंद’.

वय, मधुमेह, जुनी इजा, घरचे शेतीकाम, दुचाकीवरचा लांबचा प्रवास यांचाही वाटा असतो आणि तो प्रामाणिकपणे नोंदवावा. पण मधुमेह असलेल्याच्या हाताला कंप अधिक बाधतो, याचा अर्थ त्याच्यासाठी कंप आधी कमी करायला हवा असा आहे. कंप निर्दोष आहे असा नव्हे. कमरेच्या पट्ट्यांवरही विसंबू नये. निरोगी कामगाराला ते इजेपासून वाचवतात याला पुरावा नाही, असा निष्कर्ष नायॉशने १९९४ साली काढला होता. नुसते ‘कसे उचलावे’ हे शिकवून पाठदुखी थांबते, असेही अभ्यासांत दिसलेले नाही. मी प्रशिक्षणाच्या विरुद्ध नाही. पेटीची कड तशीच ठेवून दिलेल्या प्रशिक्षणाच्या विरुद्ध आहे.

पाहणी चालू असताना कोणाच्या पायातली शक्ती गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला असे कळले, तर वही बाजूला ठेवून त्या माणसाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. चकतीने नसांचा जुडगा दाबला गेल्याची ती लक्षणे असतात आणि उशीर झाला तर कायमचे अपंगत्व येऊ शकते. इतरांना कर्मचारी राज्य विमा योजनेच्या (ईएसआय) दवाखान्यात पाठवताना कामाचे वर्णन कागदावर लिहून द्यावे: किती किलो, किती वेळा, किती उंचीवरून, कोणते हत्यार, किती तास. डॉक्टरांनी खाते पाहिलेले नसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक रोगांच्या यादीत स्नायू व सांध्यांचे विकार आहेत, परंतु आजाराचा कामाशी संबंध जोडायला असे वर्णन हाताशी लागते.

शेवटी नोंद लिहावी. सुरुवातीला दिलेली ओळ आता अशी होईल: ‘१८ किलोचे केसिंग, पेटीच्या तळातून, ५० सें.मी. लांबून, पाळीत सुमारे ४५० वेळा, पेटीची कड न उघडणारी, टेबल डाव्या बाजूला, होइस्ट बंद, खात्यातील इतर चौघांच्या आकृतीवर कमरेची खूण.’ प्रत्येक कारणापुढे ते कोण बदलू शकतो आणि केव्हापर्यंत, हे लिहावे. बदल झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी त्याच खात्यात, त्याच पाळीला, पुन्हा शंभर नोंदी घ्याव्यात आणि तेच कागद पुन्हा भरून घ्यावेत. वाकण्याच्या नोंदी कमी झाल्या पण खांद्याच्या खुणा वाढल्या असतील, तर टेबल उंच झाले आहे; ते उतरवून पुन्हा मोजावे.